बिननंबरी माती

दिवसभर मी मातीला नंबर देते.
निफाडची द्राक्षबाग, चारशे बारा.
दिंडोरीचा टोमॅटो, चारशे तेरा.
सामू, क्षारता, चुनखडी.
बाटली हलवायची, निवळू द्यायची,
मग छापील कागदावर सही.

संध्याकाळी कुंभारवाड्यात शिरते
तर आई ओट्यावर माती चाखत बसलेली.
टेम्पोवाल्यानं दारणाकाठून आणलेल्या गोणीतला
एक खडा जिभेवर, डोळे मिटून.
"खारी आहे. आव्यात फुलेल.
निम्मी परत ने म्हणावं."
एकदा चोरून मी तिचा नमुना यंत्राला लावला.
जीभ बरोबर निघाली.
सांगितलं नाही तिला,
हसली असती.

आधी कडक वाळवायची, मोगरीनं कुटायची.
तहानलेली मातीच धड पाणी पिते.
ओलसर ढेकूळ हौदात तसंच बसून राहतं
रुसलेल्या व्याह्यासारखं.
मग राख, मग लीद.
गाढवं गेली केव्हाच,
आता लीद येते वरातीच्या घोडीवाल्याकडून,
तीत कधी लाल-सोनेरी जिगाचा तुकडा सापडतो.
मग तुडवण.
टाचेला खडा कळतो, तो बाजूला काढायचा,
आणि पुन्हा पहिल्यापासून, गोल गोल,
पाय सटकन सुटेपर्यंत.

चाकावर तर दोन मिनिटांचं काम.
लोक तेवढंच बघायला येतात, मोबाईल धरून.
ते गेल्यावर खरं सुरू होतं:
जाड, बुटकं, बिनबुडाचं ते भांडं मांडीवर,
आतून दगडी गोळा, बाहेरून थापी,
थाप थाप थाप,
पोट फुगत जातं, भिंत पातळ होत जाते,
आणि आई भलतंच काही बोलत असते,
गॅसच्या नंबराचं, मावशीच्या गुडघ्याचं.

सावलीत चार दिवस.
रंग उतरतो, काळ्याचा राखी.
ती मडकं गालाला लावून बघते.
गार लागलं, म्हणजे आत पाणी आहे अजून.
(माझा ताप मात्र ती
हाताच्या उलट्या बाजूनं बघायची.)

इथपर्यंत परत फिरता येतं.
परवा समोरच्या सुजितचा चेंडू आला,
तीन माठ आडवे.
आईनं तुकडे हौदात टाकले,
त्याला चेंडू दिला.
सकाळी हौदात नुसता चिखल,
माठ झाल्याची कुठे खूण नाही.

आवा आता मखमलाबादच्या पलीकडे लागतो,
गल्लीतल्या नव्या इमारतीला धूर सोसत नाही.
त्र्यंबककाका रात्रभर उकिडवे बसून.
आधी पांढरा धूर, मग काळा,
मग धूरच नाही, फक्त वरची हवा थरथरते.
मी पुस्तकात वाचलंय:
सहाशे अंशांच्या आसपास
मातीच्या कणाकणात बांधलेलं पाणी सुटतं,
मग कितीही भिजवा, ती चिखल होत नाही.
आई म्हणते, "विसरली."
काय विसरली, ते सांगत नाही.

तिसऱ्या दिवशी राख उपसली.
बोटाच्या पेरानं प्रत्येकाला टिचकी:
टण्. टण्. टण्. भद्द.
अकरा भद्द निघाले.
ते दारात पडून होते, पाऊलवाटेत,
मग एका दुपारी आईनं वरवंट्यानं भरडले
आणि भुगा नव्या हौदात ओतला.
"कोवळ्या मातीला आतून कायतरी टणक लागतं,
नाहीतर वाळताना चिरते."
एवढंच. हात धुतले.

सोमवारी चारशे चौदा.
पिंपळगावची, उघडीच होती पिशवी.
इकडे तिकडे बघितलं
आणि एक कण जिभेवर ठेवला.
काही कळलं नाही.
खारट का आंबट, तेही नाही.
नुसती दाताखाली कचकच,
ती डबा खाईपर्यंत तशीच होती.